सायकलचीही प्रकृती तपासत जा

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात एक आजोबा पाच वर्षांच्या नातीला उचलून धापा टाकीत आत आले. आठवडी बाजारातून परतताना नात सायकलच्या कॅरिअरवर बसली होती. वाटेत तिला डुलकी लागली आणि उजवा पाय मागच्या चाकात गेला. टाच सुजली होती, थोडे खरचटले होते. "डॉक्टर, वरवरच लागलंय ना? रक्त तर फार आलं नाही," असे आजोबा पुन्हा पुन्हा विचारत होते.

वरवर पाहता तसेच दिसत होते. पण तिसऱ्या दिवशी टाचेच्या मागची कातडी काळी पडली. पोरीला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले. तेथे मांडीची कातडी काढून टाचेवर बसवली. दीड महिना ती पाय टेकू शकली नाही.

मला टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. ती सायकल माझ्या चांगली ओळखीची होती. आजोबा दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी त्याच सायकलवरून येत आणि माझ्या पायरीशी ती उभी करीत. मागच्या चाकाला जाळी नाही, पाय ठेवायला आधार नाही, हे मला दर वेळी दिसत होते. मी त्यांना दर महिन्याला "मीठ कमी करा" असे बजावले. सायकलबद्दल मात्र एकदाही बोललो नाही. आजचा लेख त्या चुकीची भरपाई आहे.

आरोग्याच्या सदरात सायकल कशाला?

काही वाचक असे विचारतील. पण आपल्या गावात पहाटे दूध घालणारा, रात्रपाळीवरून परतणारा कामगार, वाडीवरून शाळेला येणाऱ्या मुली, पेन्शन घ्यायला निघालेले मास्तर, अशी कितीतरी माणसे आजही सायकलवरच असतात. शिवाय सायकल हा उत्तम व्यायाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. रोज कामावर जाता-येता मिळून अर्धा तास सायकल चालवली, तर पाच दिवसांत तो पुरा होतो. व्यायामासाठी वेगळा वेळ काढायला नको.

पण हे सारे सायकल धड असेल तर. ढिला ब्रेक, मऊ टायर, खाली बसवलेली सीट यांतून गुडघेदुखी, पाठदुखी, मनगटाचे व गळपट्टीच्या हाडाचे अस्थिभंग माझ्याकडे येतात. आम्ही डॉक्टर गुडघा तपासतो, पण ज्या सायकलमुळे गुडघा दुखतो ती दाराबाहेरच राहते. दसऱ्याला आपण सायकल धुऊन पुसून तिला झेंडूचा हार घालतो. उरलेले ३६४ दिवस तिच्याकडे पाहत नाही.

त्या प्रसंगानंतर मी आमच्या चौकातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात पाच-सहा रविवार जाऊन बसलो. तेथल्या मिस्त्रींचे आयुष्य या कामात गेले आहे. त्यांनी शिकवले ते आणि माझ्या पेशातले थोडे, असे एकत्र करून खाली देत आहे.

हवा

पहिल्याच रविवारी मिस्त्री म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या सायकलींना काही झालेलं नसतं. त्यांना फक्त हवा हवी असते."

ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपतच असते. पंक्चर नसले तरी दोन-तीन आठवड्यांत टायर मऊ होतो. मऊ टायर रस्त्याला जास्त चिकटतो, म्हणून तेवढ्याच अंतराला जास्त जोर लागतो. खड्ड्यात चाक आदळले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. रिमही वाकते.

किती हवा भरायची तो आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो, तो एकदा वाचून ठेवा. घरी मोजायचे साधन नसेल तर अंगठ्याने टायर जोरात दाबा. जेमतेम दबला पाहिजे. नंतर सायकलवर बसून कोणाला तरी मागचा टायर बघायला सांगा. तो खाली पसरट दिसता कामा नये. मागच्या चाकावर वजन जास्त येते, तेव्हा त्यात हवा थोडी जास्त असावी. दुधाचे कॅन किंवा पोती नेणाऱ्यांनी तर हे रोज पाहावे. मात्र छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त हवा भरू नये.

हवा भरताना टायरवरून नजर फिरवा. रुतलेला काटा, काच काढून टाका. आतले धागे दिसू लागले किंवा कडेला चीर गेली, तर तो टायर बदलायला झाला असे समजा.

माझ्याकडे एक पन्नाशीचे गृहस्थ आले होते. सायकल चालवली की धाप लागते, असे ते म्हणाले. मी आधी त्यांचे हृदय तपासले, कार्डिओग्राम काढला, रक्त तपासले. सर्व ठीक निघाल्यावर सायकल पाहिली. दोन्ही टायर मऊ, चेन कोरडी, आणि मागचा ब्रेक रिमला सतत घासत होता. अर्ध्या तासाच्या दुरुस्तीने धाप गेली. पण हा क्रम उलटा करू नका. सायकल चालवताना छातीत दाब किंवा जळजळ जाणवली, दरदरून घाम आला, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, तर सायकलला दोष देत बसू नका. तेथेच थांबा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा.

ब्रेक

ब्रेकची परीक्षा रोज निघताना करावी. दहा सेकंद लागतात. सायकलच्या बाजूला उभे राहा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. पुढचे चाक फिरता कामा नये. मग मागचा ब्रेक दाबून ढकला. मागचे चाक फिरण्याऐवजी फरपटले पाहिजे. ब्रेकची मूठ पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल, तर ब्रेक ओढून घ्यायला झाला आहे.

ब्रेकच्या रबरावर खाचा असतात. त्या पुसट झाल्या की रबर बदला. रबर झिजून आतला धातू रिमला लागू लागला, तर ब्रेक लागत नाही आणि रिमही कापली जाते. रबर रिमवर सपाट बसले पाहिजे. ते टायरला घासले तर टायर फाटतो आणि खाली सरकले तर आऱ्यांत अडकते. दोन्ही बाजूंना रिमपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर असावे. रबर ज्या कप्प्यात बसते त्याची बंद बाजू चाक फिरते त्या दिशेला हवी. उलटी बसवली तर ऐन वेळी रबर निसटून बाहेर पडते. तारेचे ब्रेक असतील तर तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला, तरी तार बदलावी. एका धाग्यापाठोपाठ बाकीचे तुटायला वेळ लागत नाही.

दोन सूचना लक्षात ठेवा. एक, रिमवर तेल किंवा ग्रीस कधीही लागू देऊ नका. लागले तर कोरड्या फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने काढा. दोन, उतारावर पुढचा ब्रेक एकटा आणि एकदम दाबू नका. सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू जोर वाढवत दाबा.

चेन आणि तेल

कोरडी चेन करकरते आणि पायातला जोर खाते. पण तेल ओतण्यापूर्वी चेन पुसली पाहिजे, हे फार थोडे लोक करतात. मळलेल्या चेनवर तेल घातले की धूळ आणि तेल मिळून पॉलिश कागदासारखे काम करतात आणि दाते झिजवतात.

पद्धत अशी. जुन्या फडक्यात चेन धरून पायडल उलटे फिरवा. चेन स्वच्छ झाली की प्रत्येक सांध्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. पायडल दोन मिनिटे फिरवा, म्हणजे तेल आत उतरते. मग बाहेरचे सगळे तेल पुन्हा पुसून काढा. तेल सांध्याच्या आत हवे. बाहेर राहिले तर ते फक्त धूळ आणि पायजमा यांनाच उपयोगी पडते! बऱ्याच घरांतून खोबरेल तेल घालतात. ते करू नका. खोबरेल थंडीत थिजते आणि जुने झाले की चिकट होते. गाडीचे जळके ऑइलही नको. त्यात धातूची बारीक भुकटी असते.

चेन मधोमध वर-खाली हलवून पाहा. साधारण अर्धा इंच हलली तर ठीक. त्याहून बरीच सैल असेल तर ती उतरते. चढावर उभे राहून पायडल मारताना चेन उतरली, तर माणूस दांडीवरच आपटतो. चेन झिजली की नाही हे फूटपट्टीने कळते. नव्या चेनचे २४ सांधे बरोबर १२ इंचात बसतात. तेच सव्वाबारा इंचाकडे सरकू लागले, म्हणजे एक अष्टमांश इंचाने वाढले, की चेन बदलावी. नाहीतर ती सोबत फ्रीव्हीलचे दातेही खाते.

चेन चालू असताना तिच्यावर फडके धरून पायडल पुढे मारू नये. बोट चेन आणि दात्यांच्या मध्ये सापडले तर टोक तुटते. असे दोन रुग्ण मी पाहिले आहेत. दोघेही शाळकरी मुलगे होते. ओढणी, पदर, धोतराचा सोगा यांसाठी चेनकव्हर हवेच. खुळखुळते म्हणून ते काढून टाकू नका. त्याचा स्क्रू आवळा.

ढिले भाग

आठवड्यातून एकदा सायकल जमिनीपासून दोन इंच उचलून सोडा आणि कान द्या. खुळखुळ आली तर काहीतरी ढिले आहे. मग क्रमाने पाहा.

पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा आणि हँडल वळवा. चाक न वळता हँडल वळले, तर ते आवळायला हवे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर आतले छर्रे सैल आहेत. दोन्ही चाकांचे नट पान्याने तपासा. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला 'टक' असा आवाज येत असेल, तर जुन्या घडणीच्या सायकलींत बहुधा क्रँकची कॉटर पिन ढिली झालेली असते. ती तशीच चालवली तर क्रँकचे भोकही खराब होते आणि एके दिवशी पाय हवेत जातो.

पायडल बसवताना एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. उजवे पायडल नेहमीच्या आट्यांचे असते, डावे उलट्या आट्यांचे. डावे पायडल सोडवायचे तर पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. जबरदस्ती केली तर आटे मोडतात.

चाक उचलून फिरवा. रिम ब्रेकच्या रबराजवळून सरळ जाते की डुलते ते पाहा. डुलत असेल तर मिस्त्रींकडून आऊट काढून घ्या. एक आरा तुटला असेल तर "बाकीचे आहेत की" असे म्हणू नका. त्याचा भार शेजारच्यांवर पडतो आणि तेही तुटतात.

सीट आणि गुडघा

आता माझ्या प्रांतात येतो. सायकलस्वारांच्या गुडघेदुखीत औषधापेक्षा पाना जास्त उपयोगी पडतो, हे मी अनुभवाने सांगतो. आपल्याकडे सीट फार खाली ठेवायची पद्धत आहे. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले की माणसाला सुरक्षित वाटते. पण त्यामुळे चालवताना गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखू लागते. जिना उतरताना तर जास्तच.

योग्य उंची अशी ठरवा. भिंतीला धरून सीटवर बसा. पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. आता टाचेऐवजी चवडा ठेवलात की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो, आणि तोच योग्य. पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा गुडघ्याच्या मागे ताण येत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे. ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम उंची वाढवू नये. दर आठवड्याला अर्धा इंच पुरे. वयस्कर माणसांनी, ज्यांचा तोल जातो त्यांनी, थोडी खालची सीट पत्करावी. गुडघ्यापेक्षा खुबा मोडणे वाईट. सीटची नळी वर घेताना तिच्यावरच्या खुणेच्या पलीकडे ओढू नका. किमान अडीच इंच नळी आत राहिलीच पाहिजे.

सीट सपाट असावी. पुढचे टोक वर असेल तर जांघेत बधिरपणा येतो, खाली असेल तर सारे वजन हातांवर पडते. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहातातली नस हँडलवर दबते आहे. हँडल थोडे वर घ्या, मुठींचे झिजलेले रबर बदला आणि मधूनमधून हातांची जागा बदला. तरीही बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना दाखवा.

मुलांसाठी "पुढे चालेल" म्हणून मोठी सायकल घेण्याची आपली जुनी खोड आहे. कपडे मोठे घेतले तर चालते, सायकल नाही. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर मुलाचे दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. वाढत्या मुलांची सीट सहा महिन्यांनी तपासा.

मुलांचे पाय आणि मागचे चाक

आता त्या नातीकडे वळतो. फिरत्या चाकाच्या आऱ्यांत पाय गेला की तो आरे आणि सायकलच्या सांगाड्यामध्ये चिरडला जातो. वरची कातडी फाटलेली नसली, तरी आतला रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी जखम किरकोळ दिसते आणि दोन-चार दिवसांनी कातडी काळी पडते. घोट्याचे किंवा नडगीचे हाडही मोडलेले असू शकते. तेव्हा अशी प्रत्येक इजा डॉक्टरांना दाखवावी आणि नंतरचे काही दिवस रोज पाहावी.

पाय अडकल्यास तो ओढू नका. सायकल स्थिर धरा, चाक हलक्या हाताने उलटे फिरवा. निघत नसेल तर पक्कडीने आरा कापा. आरा पुन्हा येतो. जखम नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि पाय उंच ठेवा. हळद, चुना, तंबाखू, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नका.

हे सारे टाळणे सोपे आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवून घ्या. साडीसाठी मिळणारी जाळी चालते. कॅरिअरवर पाठीला टेका असलेली लहान सीट आणि पाय ठेवायला पट्टी बसवा. मुलांना अनवाणी बसवू नका, झोपाळलेले मूल तर मुळीच नको.

गंज आणि धनुर्वात

"गंजलेलं लागलं, धनुर्वात होईल का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. रस्त्यावर पडल्यावर चकचकीत नव्या सायकलचे लागले काय आणि गंजलेल्या सायकलचे लागले काय, धोका मातीचाच. मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी मिळणारी टीडी लस चुकवू नका. मळलेली जखम असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षांहून जास्त झाली असतील, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

डोक्याला मार लागून उलट्या होणे, गुंगी येणे, बरळणे, थोडा वेळ शुद्ध जाणे यांतले काहीही घडले, तर घरी वाट पाहू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. शक्य असेल तर हेल्मेट वापरा, विशेषतः मुलांसाठी. अंधारात मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा हवा. मडगार्डवरचा चिखल पुसला नाही तर परावर्तक असून नसल्यासारखाच.

पावसाळ्यात

ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. लोखंडी रिमवर तर फारच उशिरा. म्हणून पावसात वेग कमी ठेवा. वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्या. घरी आल्यावर चेन फडक्याने कोरडी करून तेलाचे थेंब सोडा. पाण्याचा जोरदार झोत चाकाच्या मध्यावर किंवा पायडलच्या मुळाशी मारू नका. ग्रीस वाहून जाते आणि छर्रे गंजतात.

कापून ठेवण्यासाठी वेळापत्रक

रोज: दोन्ही ब्रेक, टायर अंगठ्याने, मागे बसणाऱ्याचे पाय.

दर आठवड्याला: हवा, सायकल उचलून आवाज, सर्व नट, चेन पुसणे.

दर पंधरा दिवसांनी: चेनला तेल. पावसाळ्यात प्रत्येक भिजण्यानंतर.

दर तीन महिन्यांनी: ब्रेकचे रबर व तारा, चेन फूटपट्टीने, चाकाचा डोल, सीटची उंची.

वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर: मिस्त्रींकडून पूर्ण ओव्हरहॉलिंग. छर्रे धुऊन, खराब झालेले बदलून नवे ग्रीस.

घरात एक पाना, एक पक्कड, एक पंप, तेलाची लहान बाटली आणि जुने फडके एवढे असले की पुरे.

मी आता दवाखान्यात येणाऱ्या सायकलस्वाराला परत जाताना पायरीपर्यंत सोडायला जातो. लोकांना तो आदर वाटतो. खरे म्हणजे मी त्याचे मागचे चाक पाहत असतो. ती नात आता नीट चालते. टाचेवर मात्र रुपयाएवढा व्रण आहे. आजोबा परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा नातही बरोबर होती. सायकलला दोन्ही बाजूंना जाळी होती, आणि पोरीने पाय पट्टीवर ठेवले होते. त्या दिवशी मी त्यांना मिठाबद्दल सांगायचे विसरलो.

येत्या रविवारी अर्धा तास काढा. मुलांनाही सोबत घ्या. पहिले काम जाळीचे करा.

(पुढील आठवड्यात: उन्हाळा आणि मुतखडा)